परक्याचे पान आपल्या पंगतीत



तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या घरी चहाचा एक कप फुटला. कप साधाच होता, पण तो पडवीतल्या फळीवर वेगळा ठेवलेला असे. आमच्या वाडीत भाजी-फुलांच्या कामाला रेल्वेलाइनच्या पूर्वेकडील पाड्यावरून एक आदिवासी बाई येतात, त्यांचा तो कप. त्याच्याच शेजारी त्यांचे ताट आणि पाण्याचा पेला. त्यांचे जेवण आम्ही कधी चुकवले नाही. सणावाराला गोडधोडही वाढले. अकरा वर्षे हे असेच चालले होते आणि त्यात काही खटकण्यासारखे आहे असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते.

कप फुटला म्हणून नवा आणायला आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने सहज विचारले, "घरातल्यांसाठी दाखवू की कामवालीसाठी?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने खालच्या फळीवरचा ढीग पुढे केला. त्याचा काही दोष नव्हता. रोज गिऱ्हाइके जे मागतात तेच तो दाखवीत होता. पण आमच्या घरातल्या कपाटात डझनभर कप असताना आम्ही एक कप विकत घ्यायला का आलो, हा प्रश्न त्या दुकानात उभे असताना पहिल्यांदा आमच्यासमोर आला. त्या दिवशी आम्ही कप न घेताच परतलो.

पाहुणचार हा विषय आपण आजच्या पाठासाठी घेत आहोत तो या फुटलेल्या कपामुळे. पवित्र शास्त्र जवळ घेऊन बसावे आणि दिलेले उतारे उघडून वाचावेत, ही विनंती. छोट्या ख्रिस्ती समूहाच्या सभेत हा पाठ वाचला जाणार असेल तर तो दोन बैठकांत घेतला तरी चालेल.

देणे आणि बसणे

आपले लोक देण्यात मागे नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मजुरांचे जथे पायी निघाले, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी घरी पोळ्या लाटून, भाताची पाकिटे करून त्यांच्या हाती दिली. आपल्यापैकी कित्येकांनी त्या कामाला हात लावला. मत्तयच्या शुभवर्तमानात (२५:३१-४६) प्रभू शेवटच्या न्यायाचे जे चित्र उभे करतो, त्यात भुकेल्याला अन्न आणि परक्याला घर या दोन गोष्टी शेजारी-शेजारी येतात. जो देतो तो प्रभूलाच देतो. हे पुण्य कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु पाकीट देताना हात लांब करावा लागतो. त्या वेळी रोगामुळे अंतर ठेवणे भागच होते. रोग ओसरला, अंतर मात्र आपल्याला सोयीचे वाटू लागले. खरे तर ते रोगाच्या आधीपासूनच होते. वॉचमनला आपण जिन्यापाशी डबा नेऊन देतो, भाड्याच्या खोलीतील परप्रांतीय कुटुंबाला नाताळात कुसवार पाठवतो, नांगरणी-खुरपणीच्या माणसांना पडवीत वाढतो. यांपैकी कोणी आपल्याबरोबर मांडीला मांडी लावून जेवले आहे काय? अन्न त्यांच्यापर्यंत जाते, आपण जात नाही.

आता प्रभू येशूकडे पाहू. शुभवर्तमानात त्याने भुकेल्या समुदायाला भाकरी दिल्याचे वर्णन आहे, पण त्याच्यावर टीका झाली ती त्यासाठी नव्हे. टीका झाली ती तो कोणाबरोबर जेवतो यावरून. लेवी जकातदाराच्या घरी तो मेजवानीला बसला तेव्हा परुशी कुरकुरले (लूक ५:२७-३२). जक्कयाच्या घरी स्वतःहून उतरला तेव्हा सारे गाव कुरकुरले (लूक १९:१-१०). लूकच्या पंधराव्या अध्यायाची सुरुवातच या तक्रारीने होते की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला बसतो. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र या तिन्ही गोष्टी त्या तक्रारीला दिलेले उत्तर आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण पश्चात्तापाची म्हणून ऐकतो, ती तशी आहेच. पण शेवटचे दृश्य पुन्हा पाहावे. आत जेवण चालू आहे, आणि आयुष्यभर घरात राहिलेला थोरला भाऊ दारापाशी बाहेर उभा आहे. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. थोरला आत जेवायला गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही.

आहेराची वही

लूकच्या चौदाव्या अध्यायात (१४:१-२४) प्रभू एका मोठ्या परुश्याच्या घरी शब्बाथाच्या दिवशी जेवायला गेला आहे. म्हणजे तो स्वतः पाहुणा आहे, आणि तरीही तो यजमानालाच सांगतो की जेवण करशील तेव्हा मित्र, भाऊबंद, नातलग आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते तुला परत बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. त्यापेक्षा गरीब, लुळे, पांगळे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्यापाशी फेडायला काही नाही, म्हणूनच तू धन्य होशील.

हा उतारा वाचताना आम्हाला लग्नघरातील वहीची आठवण होते. कोणी किती आहेर केला हे त्या वहीत लिहिलेले असते, आणि त्यांच्याकडे कार्य निघाले की ती उघडून पाहिली जाते. यात वाईट काही नाही. गावाचे व्यवहार असेच चालतात आणि अडीअडचणीला त्यातूनच मदत उभी राहते. भाऊबंदांना जेवू घालू नये असे प्रभूला म्हणायचे आहे, असेही नाही. तो स्वतः कानाच्या लग्नाला गेला, बेथानीला मार्था-मरियेच्या घरी जेवला. पण आपल्या घरातले प्रत्येक जेवण जर त्या वहीत नोंदवण्याजोगे असेल, तर वहीबाहेरच्या माणसाला आपल्या घरी जागाच उरत नाही. वर्षातून एखादे तरी जेवण असे असावे की ज्याची कोठेच नोंद होणार नाही.

आपल्या मराठी मातीलाही ही गोष्ट अनोळखी नाही. पैठणच्या संत एकनाथांविषयी एक कथा सांगितली जाते. श्राद्धासाठी केलेल्या स्वयंपाकाच्या वासाने ज्यांना भूक लागली त्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला त्यांनी बोलावून आधी जेवू घातले आणि त्यासाठी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला.

पेत्र पंक्तीवरून उठतो

या विषयावर पवित्र शास्त्रातील सर्वांत बोलका भाग आम्हाला वाटतो तो संत पेत्राचा. तो दोन ठिकाणी विखुरलेला असल्यामुळे सहसा एकत्र वाचला जात नाही.

पहिला भाग प्रेषितांच्या कृत्यांत, दहाव्या-अकराव्या अध्यायांत आहे. पेत्र योप्पा येथे गच्चीवर प्रार्थना करीत असतो. त्याला भूक लागलेली असते. त्या वेळी त्याला दृष्टान्त होतो. आकाशातून चादरीसारखे काही उतरते आणि त्यात यहुदी माणसाने खाऊ नयेत असे प्राणी असतात. मारून खा, असे त्याला सांगितले जाते. पेत्र नाही म्हणतो. तीन वेळा हे घडते. अर्थ काय, याचा तो विचार करीत असतानाच खाली दाराशी तीन माणसे येऊन उभी राहतात. रोमी सैन्यातील शताधिपती कर्नेल्य याने कैसरियाहून पाठवलेले दोन नोकर आणि एक शिपाई. तेविसाव्या ओवीत एक छोटेसे वाक्य आहे, ते आपण घाईघाईत ओलांडतो. पेत्र त्या तिघांना आत बोलावतो आणि त्यांचा पाहुणचार करतो. कर्नेल्याच्या घरचे प्रवचन, पवित्र आत्म्याचे उतरणे, बाप्तिस्मा हे सारे दुसऱ्या दिवशीपासून पुढे. आधी परक्या जातीच्या तीन माणसांना एका रात्रीसाठी घरात घेणे घडले. आणखी गंमत अशी की ते घरही पेत्राचे नव्हते. तो स्वतः शिमोन नावाच्या चांभाराकडे पाहुणा होता. कातडे कमावणाऱ्याचा धंदा यहुदी समाजात हलका मानला जाई.

पेत्र यरुशलेमला परतल्यावर तेथील बंधुजनांनी त्याला जाब विचारला. कशाबद्दल? परराष्ट्रीयांना बाप्तिस्मा दिल्याबद्दल नव्हे. तुम्ही बेसुंती लोकांच्या घरी गेलात आणि त्यांच्याबरोबर जेवलात, हा आरोप होता (११:३). बाप्तिस्मा एक वेळ पचला असता, एकत्र जेवण पचत नव्हते. पेत्राने सगळी हकीकत सांगितली आणि सर्वांनी देवाचे गौरव केले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण संत पौलाचे गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय, ओवी अकरा ते चौदा हा भाग उघडावा. आता आपण अंत्युखियात आहोत. ज्या शहरात प्रभूच्या शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती हे नाव मिळाले (प्रेषित ११:२६), ते हे शहर. तेथे यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत आणि पेत्रही त्यांच्यात बसे. मग याकोबाकडून काही माणसे आली. ते काय म्हणतील या भीतीने पेत्र मागे सरला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी बंधूही उठले. शेवटी बर्णबासुद्धा उठला, जो पौलाचा सोबती होता आणि याच मंडळीत ज्याने कष्ट केले होते. मूळ ग्रीक भाषेत येथील क्रियापदे चालू असलेली क्रिया दाखवणारी आहेत. पेत्र नेहमी त्यांच्याबरोबर जेवत असे, आणि मग तो मागे मागे सरकू लागला. म्हणजे एके दिवशी ताट आपटून तो उठला असे नव्हे. आज काही कारण, उद्या काही निमित्त, असे करत जागा रिकामी झाली असावी. पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर सुनावले. सुवार्तेच्या सत्याला धरून हे वागणे सरळ नाही, असे त्याचे म्हणणे होते.

चादरीचा दृष्टान्त ज्याने पाहिला, कर्नेल्याच्या घरी जो जेवला, यरुशलेमात ज्याने त्या जेवणाचे समर्थन केले, तोच हा पेत्र. त्याचा विश्वास डळमळला नव्हता. परराष्ट्रीय अशुद्ध आहेत असे त्याला पुन्हा वाटू लागले होते, असेही पौल म्हणत नाही. पेत्र फक्त भ्याला.

आता आमच्या घरची हकीकत पुढे सांगणे भाग आहे. कप न घेता परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना आत जेवायला बोलावले. त्या म्हणाल्या, "काकी, मला इथंच बरं वाटतं." आम्हाला क्षणभर सुटल्यासारखे झाले, हे कबूल करतो. तरी चार-पाच दिवसांनी पुन्हा बोलावले. त्या आत आल्या, पण खुर्चीवर बसेनात. उंबऱ्याजवळ ताट घेऊन बसल्या आणि घाईघाईने जेवून उठल्या. मग आमच्या लक्षात आले की अडचण टेबलाचीही आहे. आम्ही चटई अंथरली आणि सगळेच खाली बसलो. आमच्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, त्यांनी भिंतीला टेकून पाय पसरले, त्यावर बाई हसल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या आपणहून आत येऊन बसू लागल्या. कपाटातला कोणताही कप हाताला लागेल तो त्यांचा.

जानेवारीत धर्मग्रामाचा सण आला. घरात नातेवाईक जमले, त्यांत दोन वडीलधारी मंडळी होती ज्यांचा शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. त्या दिवशी वाडीतली फुले काढायची होती म्हणून बाई सकाळी आल्याच होत्या. दुपारी पाने मांडताना घरात कोणी काही बोलले नाही. कोणी कोणाला सांगितले नाही. पण बाईंचे ताट पडवीत गेले. त्यांनी ते मुकाट्याने घेतले, जेवल्या, ताट धुऊन पालथे घातले आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आत आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

अंत्युखियाचा उतारा आम्ही मिस्सात किती वेळा ऐकला असेल. तो आमच्या चटईवर घडला तेव्हा ओळखता आला नाही. आमच्याकडे पौलही कोणी नव्हता. शेवटी आम्ही बाईंची क्षमा मागितली. हे सोपे नव्हते. त्यांना तर ते फारच अवघड झाले. "जाऊ द्या काकी, पाहुणे होते ना," एवढेच त्या म्हणाल्या. पाहुणे! अकरा वर्षे ज्या येतात त्या कोण, आणि वर्षातून एकदा येणारे कोण, हा विचार त्या एका शब्दाने आमच्या मनात बराच काळ घोळत ठेवला.

करिंथची पडवी

करिंथकरांस पहिले पत्र, अकरावा अध्याय (११:१७-३४) आपण ख्रिस्तशरीराच्या सणाच्या संदर्भात ऐकतो. पण पौल तेथे प्रभुभोजनाच्या स्थापनेची आठवण देतो ती एका भांडणाच्या निमित्ताने. करिंथचे ख्रिस्ती लोक कोणा सधन बांधवाच्या घरी जमत. तेथे काही जण आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि काही उपाशी राहत. रोमी पद्धतीच्या घरातील भोजनकक्षात तीन बैठकी असत आणि त्यांवर साधारण नऊ माणसे टेकून जेवत. बाकीच्यांना अंगणातच जागा मिळणार. अभ्यासक असे सुचवतात की यजमानाच्या बरोबरीचे लोक आतल्या खोलीत आणि उशिरा येणारे गुलाम-मजूर बाहेर, अशी विभागणी झाली असावी. पौलाचा उपाय ऐकायला किती साधा आहे! जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पण मजुराची सुट्टी होईपर्यंत थांबायचे, तर मालकाला आपल्या जेवणाची वेळ बदलावी लागते.

ज्यांना प्रभूचे शरीर ओळखता येत नाही ते स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतात, हे कडक शब्द याच उताऱ्यातले आहेत. पवित्र कम्युनियन घेण्यापूर्वी आपण एक तास उपवास पाळतो, पापांची कबुली देतो. ते योग्यच आहे. पौलाने ज्या अपात्रतेविषयी लिहिले ती मात्र पंक्तिभेदाची होती. आपल्याच धर्मग्रामांतून समाजासमाजांच्या पंगती पूर्वी कशा बसत, कोण कोणाकडे पाणी घेई आणि कोण घेत नसे, हे घरातल्या ज्येष्ठांना एकदा विचारून पाहावे. वेदीपुढे सारे एका रांगेत गुडघे टेकत होते तेव्हाही.

आपल्या प्रोटेस्टंट बांधवांपैकी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात पतीकडे राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी स्वयंपाक-पाण्याचे सोवळे सोडले नव्हते. ते कसकसे गळून पडले हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःच, काहीही न लपवता लिहून ठेवले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. जन्मभराची सवय एका प्रवचनाने जात नाही, हे त्या पुस्तकावरून कळते आणि थोडा धीरही येतो.

पवित्र सभेची शिकवण

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिले गेलेले 'दिदाखे' नावाचे पुस्तक आहे. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूचे स्वागत करावे असे सांगितले आहे, पण तो दोन किंवा फार तर तीन दिवस राहील, त्याहून अधिक राहायचे तर त्याने काम करावे, असेही बजावले आहे. फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकून बसला तर तो खोटा संदेष्टा समजावा! लोकांच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणारे तेव्हाही होते, आणि तरी कोणी दारे बंद केली नाहीत.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी नियम लिहिला. त्याच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावे, असे आहे. गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताला त्याच्या दरार्‍यामुळे मान आपोआप मिळतो, असे कारणही बेनेडिक्ट देतात. मोठा उपवासदिन नसेल तर मठाधिपतीने पाहुण्यासाठी आपला उपवास मोडावा. आणि पाहुणे अवेळी येतात म्हणून त्यांचे स्वयंपाकघर वेगळे असावे, म्हणजे इतर बंधूंची गैरसोय होणार नाही. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने पाहुण्यांची धांदल प्रत्यक्ष पाहिली असली पाहिजे.

आपल्या काळात रोममधील संत एजिदियो समुदायाने १९८२ च्या नाताळात त्रास्तेवेरे येथील संत मरियेच्या महामंदिरात, चर्चच्या आतच, टेबले मांडून गरिबांना जेवायला बसवले. पहिल्या वर्षी जेमतेम वीस पाहुणे होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये जागतिक गरीब दिन घोषित केला आणि १९ नोव्हेंबर २०१७ रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला, तेव्हा व्हॅटिकनच्या सभागृहात ते सुमारे दीड हजार गरिबांबरोबर जेवायला बसले. ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी हा दिवस दरवर्षी येतो.

वसईच्या आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव येथे आठवते. ते जपानमध्ये परदेशी म्हणून राहिले, तेथील भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधूंचे दुभाषी झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. परक्या देशात त्यांनी कोणाकोणाच्या घरचे अन्न खाल्ले असेल!

घरी बोलावताना

आता थोडे व्यवहाराचे.

कोणाला बोलवायचे हे शोधायला लांब जावे लागत नाही. ज्याचे आडनाव आपल्याला माहीत नाही असा रोज दिसणारा माणूस आठवावा. इमारतीच्या बांधकामावरचे मजूर, खोलीत चौघे-चौघे राहणारी परप्रांतीय मुले, नाताळात एकटीच ड्युटी करणारी परिचारिका, मुले परदेशी असलेला शेजारचा वृद्ध. एका वेळी एक-दोघे पुरे. समारंभ करू नये.

काय चालते आणि काय नाही हे आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारल्याने मात्र पाहुणा भरल्या ताटापुढे उपाशी राहतो. आपल्या सणाचे डुकराच्या मटणाचे इंद्याल कितीही नामांकित असले तरी मुसलमान शेजाऱ्यापुढे ते ठेवायचे नसते, आणि त्याच कढईत दुसरे काही तळूनही चालत नाही. कोणाचा श्रावण असतो, कोणाची चतुर्थी, कोणाचे रोजे. शाकाहारी पाहुणा येणार असेल तर सर्वांनीच त्या दिवशी शाकाहारी जेवावे. त्याच्यासाठी वेगळे आणि आपल्यासाठी वेगळे शिजले की पुन्हा दोन पंक्ती झाल्या. दारूची बाटली त्या दिवशी कपाटात राहू द्यावी. पाहुण्याच्या घरात तिने काय केले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

जेवणाआधीची प्रार्थना नेहमीसारखी आणि नेहमीइतकीच करावी. पाहुणा आहे म्हणून ती वाढवू नये, आणि लाजून टाळूही नये. धर्माचा विषय आपण काढू नये. त्याने विचारले तर सरळ उत्तर द्यावे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या 'देउस कारितास एस्त' या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की सेवा ही धर्मप्रसाराचे साधन म्हणून करायची नसते, प्रेम हे निरपेक्ष असते. ख्रिस्ती माणसाच्या जेवणात आमिष असते असा संशय घेणारे पुष्कळ आहेत. एखादे जेवण खरोखरच केवळ जेवण असावे, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. फोटो काढू नयेत, हेही त्यातच आले.

ज्याला बोलावले त्याला त्या दिवशी कामाला लावू नये. "आलाच आहेस तर जरा ती फांदी तोड" हे वाक्य आम्ही एकदा उच्चारून बसलो आहोत.

आणि परत बोलावणे आले तर जावे. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू ज्या फेडीविषयी बोलतो ती हिशेबाची आहे. गरिबाचे बोलावणे नाकारणे त्यात बसत नाही. बहात्तर शिष्यांना पाठवताना प्रभूने त्यांच्याबरोबर शिदोरी दिली नाही. ज्या घरात घेतील तेथे राहा आणि जे पुढे ठेवतील ते खा, एवढे सांगितले (लूक १०:७-८). म्हणजे त्यांना आधी पाहुणे होण्यास पाठवले. अम्माऊसच्या वाटेवर तर ज्याला आग्रहाने घरात घेतले त्या अनोळखी पाहुण्यानेच भाकरी हाती घेऊन मोडली आणि यजमान पाहतच राहिले (लूक २४:२८-३१).

क्षमा मागितल्यानंतर बाई पुन्हा चटईवर येऊन बसू लागल्या त्याला लेंतचा अर्धा काळ जावा लागला. पुढे जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर त्या म्हणाल्या, "काकी, शेवळं आलीत. रविवारी या पाड्यावर." आम्ही मिस्सा आटोपून गेलो. कुडाचे घर, सारवलेली जमीन, बाहेर चिखल. शेवळांची भाजी नीट केली नाही तर घशाला खाज सुटते. त्यात काकडं घालावी लागतात, ती किती आणि केव्हा, हे त्यांनी आम्हाला चुलीजवळ बसवून दाखवले. घरात ताटे चारच होती. शेजारणीकडून आणखी तीन आली. भात, शेवळांची भाजी, सुका जवळा. आम्ही भात पुरे म्हणालो, तर त्यांनी ऐकले नाही, हात बाजूला सारून दुसऱ्यांदा वाढले. मग स्वतःचे ताट घेऊन आमच्या शेजारी बसल्या.